जुन्या लहान मोटारीचे धक्के

काशीचा मुन्शी घाट १९व्या शतकात नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधविला. तेथवर मोटार जात नाही. गल्लीबोळांतून पायीच उतरावे लागते. परंतु जुन्या लहान मोटारीतून काशीस येणाऱ्या वृद्ध यात्रेकरूंची पाठ त्यापूर्वीच खिळखिळी झालेली असते. दोष सर्वस्वी रस्त्याचा, असे मानण्याची घाई करू नये.

प्रथम टायर थंड असताना हवा मोजावी. फाजील हवा भरलेला टायर लहानसा खडाही आसनापर्यंत पोचवितो. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीस मागे पोलादी पाटे असत. पाट्याची पाने एकमेकांवरून घसरली, तरच तो नीट लवतो. गंजाने ती जखडली, की धक्का तसाच आत येतो. पाने सोडवून, घासून, वंगण द्यावे. पाटे खचलेच असतील, तर खड्ड्यात आस रबरी ठोकळ्यावर आपटतो. तो आवाज ओळखू येतो.

मग गाडीचा कोपरा दाबून सोडावा. ती झुलतच राहिली, तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी समजावा. येथे पुष्कळांची फसगत होते. अशा शॉक अॅब्सॉर्बरने गाडी कठोर होत नाही, हेलकावते. तथापि तो बदलावाच. कारण उडते चाक रस्ता सोडते आणि ब्रेक लावूनही गाडी लवकर थांबत नाही. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.