चिंता, दैनंदिन
संभाव्य अनिष्टाच्या कल्पनेने मनाला लागून राहणारा घोर. भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे रोवणीला आले आणि पाऊस लांबला, की शेतकऱ्याची झोप उडते. येथील कोहळी समाजाने पूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव म्हणजे अशाच चिंतेला मिळालेले कृतिरूप म्हणता येईल. पाऊस हाती नसतो, तलावाची पाळ वेळीच दुरुस्त करणे असते. हा भेद ओळखणे हा चिंतेच्या विधायक नियमनाचा गाभा होय. उरलेल्या विचारांसाठी रोज ठराविक अर्धा तास राखून ठेवण्याची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘चिंता करू नये’ या नेहमीच्या उपदेशापेक्षा ती व्यवहार्य आहे. निद्रानाश वा छातीतील धडधड आठवडेच्या आठवडे टिकल्यास मात्र वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) २०२२ पासून उपलब्ध आहे.