एल्डरचं घर

मिशनवर जायचं ठरलं की पोरगा पहिल्यांदा जातो तो दाताच्या डॉक्टरकडे. अक्कलदाढा पुढे त्रास देतील असं वाटलं, तर त्या निघण्याआधीच काढून टाकतात. परदेशातल्या एखाद्या खेड्यात दाढ ठणकायला लागली तर काय करणार? त्यामुळे आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एखादा अठरा वर्षांचा मुलगा गालाला बर्फाची पिशवी लावून पायरीवर बसलेला दिसला, की येणारेजाणारे विचारतात, "काय, अर्ज भरलास वाटतं?"

गल्ली अमेरिकेतल्या युटा राज्यातली, प्रोव्हो शहराच्या उत्तरेला, टिंपनोगस डोंगराच्या पायथ्याशी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि राहिलो. आजूबाजूची बहुतेक घरं लॅटर-डे सेंट्स चर्चची, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणतं त्यांची. मराठी माणसाला मिशनरी म्हटलं की मिरजेचे डॉक्टर वानलेस आठवतात, नगरची अमेरिकन मराठी मिशन आठवते, शाळा, दवाखाने आणि धर्मांतरावरून झालेले वाद आठवतात. मिशनरी हा आपल्याकडे आलेला माणूस. त्याच्यामागे त्याच्या घरात काय चाललं असेल, हा विचार आपण सहसा करत नाही. मला तो करावा लागला, कारण मी कुंपणाच्या त्या बाजूला राहते.

शेजारणीच्या मधल्या मुलाची गोष्ट मी सुरुवातीपासून पाहिली. भरलेला अर्ज सॉल्ट लेक सिटीला चर्चच्या मुख्यालयात जातो. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. पूर्वी टपालाने एक मोठा पांढरा लिफाफा यायचा. 2018 पासून ते पत्र ऑनलाइन येतं. पण मुलं ते एकटी उघडत नाहीत. घर माणसांनी भरतं, लांबची भावंडं व्हिडिओवर येतात, आणि भिंतीवर जगाचा नकाशा लावून प्रत्येकाला एकेक टाचणी देतात. मुलगा कुठे जाईल असं वाटतं तिथे आपल्या नावाची टाचणी टोचायची. कोणी पेरूत टोचली, कोणी जपानात. आईने तिची टाचणी आयडाहोत टोचली. आयडाहो म्हणजे शेजारचं राज्य, गाडीने तीन तासांत पोचता येईल असं. सगळे हसले, ती पण हसली. पत्र वाचलं तर निघालं फिलिपिन्स, मिंदानाओ बेटावरचं कागायान दे ओरो. भाषा सेबुआनो.

मग खर्च. चर्च मिशनऱ्याला पगार देत नाही, उलट मिशनरीच पैसे भरतो. इथल्या घरांसाठी ही रक्कम जुलै 2020 पासून महिना 500 डॉलर आहे. मुलगा टोकियोत असो की मिंदानाओत, आकडा तोच, म्हणजे महागड्या शहरात मुलाची नेमणूक झाली म्हणून एखादं घर खचत नाही. मुलांसाठी मिशन दोन वर्षांची, मुलींसाठी दीड. तेव्हा मुलाचा हिशोब 12,000 डॉलरचा. या घरात त्याची बरणी मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून फ्रिजवर होती, आणि त्याने लोकांची लॉनं कापून मिळवलेले पैसे त्यात पडायचे. आमचंही लॉन त्यानेच कापलं होतं, म्हणजे या धर्मप्रसाराला माझाही थोडा हातभार लागलाच म्हणायचा.

खरेदी आईची. पांढरे शर्ट, एका कोटावर दोन पँट, कारण दारोदार फिरताना कोट टिकतो आणि पँट झिजते. जाड तळव्याचे बूट. काळी नावपट्टी चर्चकडून मिळते, तिच्यावर पहिलं नाव नसतं. नावाच्या जागी एल्डर आणि पुढे आडनाव, एवढंच. दोन वर्षं त्याला पहिल्या नावाने हाक मारणारे फक्त घरचे. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी स्टेकचा, म्हणजे काही वॉर्ड (स्थानिक मंडळ्या) मिळून होणाऱ्या चर्चमंडळाचा, प्रमुख डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि त्या क्षणापासून नियम लागू होतात. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहणंसुद्धा नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. आणि एकटं कधीच राहायचं नाही. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा.

भाषेचा पहिला आठवडा घरूनच, व्हिडिओवर झाला. तो तळघरात बसून सेबुआनोची वाक्यं घोकायचा आणि वर आई पॅनकेक भाजत तीच वाक्यं चुकीच्या उच्चारात परत म्हणायची. पुढचं शिक्षण प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात, घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. पण तिथला निरोप फुटपाथवरच घ्यायचा. गाडी थांबते, आधीपासून तिथे असलेला एखादा मिशनरी येऊन बॅगा उचलतो, मिठ्या मारायला दोन-चार मिनिटं मिळतात, तोवर मागे पुढची गाडी उभी असते. त्यानंतर काही आठवडे मुलगा वीस मिनिटांवर राहतो आणि भेटायची सोय नाही. शेजारीण म्हणाली, तो विमानात बसला तेव्हा तिला उलट हलकं वाटलं. आता निदान जवळ असून लांब नव्हता.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे आठवड्याचा फोन. मिशनऱ्याला आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाट करायला आणि घरी बोलायला मिळतो. बहुतेक ठिकाणी तो सोमवार. फिलिपिन्सचा सोमवार सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे रविवार संध्याकाळचे सात, घड्याळं मागे केल्यावर हिवाळ्यात सहा. सांगलीला माझ्या आईशी माझं बोलणंही रविवारीच असतं, फक्त सकाळी. त्यामुळे मला या फोनची बरीच जाण होती असं मला वाटायचं. दोन-चार वेळा तिने मला आग्रहाने बसवून घेतलं तेव्हा कळलं की हे काम वेगळंच आहे.

पडद्यावर आधी छत दिसतं, मग पंखा, मग तो. मागे कोंबडा आरवत असतो. चौकटीच्या कडेला जोडीदाराचा खांदा आणि ताटली. जोडीदार तिथलाच, फिलिपिनो. त्याच्या आईचा फोन त्याच खोलीत अर्ध्या तासाने. शेजारणीच्या हातात जुनं पाकीट असतं आणि त्याच्या पाठीवर प्रश्नांची यादी. पायांना फोड आलेत का? पाणी गाळून पितोस ना? वीज किती वेळ गेली? भात तिन्ही वेळा, तर सकाळी त्याबरोबर काय? "घरची आठवण येते का" हा प्रश्न यादीत नसतो. तिने तो मुद्दाम गाळला होता, कारण पहिल्याच महिन्यात एकदा विचारला आणि मुलगा बोलेनासा झाला. वडील गॅरेजमध्ये काहीतरी शोधायला गेले आणि फोन संपेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही. तेव्हापासून ती फक्त उत्तर देता येईल असंच विचारते. मूल रडायला लागलं की तिचा आवाज एकदम कामकाजी होतो. तिला मी तेव्हा कोरडी समजले होते. नंतर लक्षात आलं, ती त्याला वाक्य पूर्ण करायला मदत करत होती.

हा साप्ताहिक फोन फार जुना नाही. फेब्रुवारी 2019 पर्यंत मिशनऱ्यांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं, आणि नंतर ईमेल. मुलाचे वडील नव्वदच्या दशकात जर्मनीत मिशनवर होते. त्यांच्या आईने त्यांचा आवाज दोन वर्षांत चार वेळा ऐकला. त्या आजी आता नातवाच्या फोनला दर रविवारी येऊन बसतात आणि दर रविवारी म्हणतात की एवढं बोलणं बरं नव्हे, पोराचं चित्त लागत नाही. आणि फोन ठेवायची वेळ आली की सगळ्यात जास्त वेळ त्याच घेतात.

आजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. या चर्चच्या इतिहासात कुटुंबाला मागे टाकून जाणं हीच शौर्यकथा आहे. सप्टेंबर 1839 मध्ये चर्चचे दोन पुढारी, ब्रिगम यंग आणि हेबर किंबल, इंग्लंडच्या मिशनवर निघाले तेव्हा दोघेही हिवतापाने फणफणत होते, बायका अंथरुणाला खिळलेल्या, आणि यंगच्या घरी दहा दिवसांची तान्ही. गाडी निघाल्यावर दोघांनी कसंबसं उभं राहून टोपी हलवत जयघोष केला, ही गोष्ट इथे लहान पोरांनाही पाठ असते. पुढच्या वर्षांत अशीच माणसं दूरवर गेली. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने एक छोटी मंडळीही उभी केली. ती टिकली नाही. मला मात्र त्या जयघोषाच्या गोष्टीत टोपीपेक्षा अंथरुणातल्या बायका जास्त दिसतात. शेजारणीला तसं म्हणाले तर ती म्हणाली, "मलाही. पण आम्ही ते सभेत बोलत नाही."

घर सुटलं की पोरं तिथे दुसरं घर मांडतात. पहिला जोडीदार, जो काम शिकवतो, तो 'बाप'. त्याने आधी शिकवलेला तो 'भाऊ'. बापाला ज्याने शिकवलं तो 'आजोबा'. मिशनवर पोचणं म्हणजे जन्म, दोन वर्षं संपणं म्हणजे मरण, आणि शेवटचा जोडीदार तुम्हाला 'मारतो'. एल्डरने एकदा आपली अशी वंशावळ काढून पाठवली होती. आईने ती फ्रिजवर, बरणीच्या जागी लावली. त्यातला 'बाप' एकोणीस वर्षांचा होता. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यामुळे ही घरं मांडायची आणि मोडायची.

विरोधाभास असा की ही मुलं दारोदार जे सांगत फिरतात त्याचा गाभा कुटुंबच आहे. मंदिरात झालेलं लग्न मरणाने तुटत नाही, आईबाप आणि मुलं अनंतकाळ एकत्र राहतात, असं हे लोक मानतात. आपण सात जन्मांवर थांबतो, हे थांबत नाहीत. हे सांगायला स्वतःच्या आईला आठवड्यातून एकदा पडद्यावर बघणारा मुलगा पाठवायचा.

आणि ज्याच्या दारात तो उभा राहतो त्याचंही घर असतं. इथे माझं मन अजून साफ नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. 1895 मध्ये रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायको काही वर्षं दोन ठिकाणी राहिली. मी शेजारणीला ती हकिकत सांगितली. तिने लगेच विचारलं, बायकोची संमती घेतली नव्हती का? त्यांच्या नियमात विवाहित माणसाला बाप्तिस्मा द्यायचा तर जोडीदाराची संमती लागते, अल्पवयीन असेल तर आईबापांची. नियम चांगला आहे. पण संमती मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही घरात काय होतं, ते कुठल्याही नियमपुस्तकात मावत नाही. एल्डरने शिकवलेली एक बाई शेवटी तयार झाली आणि तिचा नवरा नाही, तेव्हा तो बाप्तिस्मा राहिला. फोनवर तो हिरमुसला होता. आई म्हणाली, "त्या नवऱ्याचा विचार कर जरा." मला ती त्या दिवशी फार आवडली.

मोठी मुलगीही फिलिपिन्सलाच होती. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तिथल्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना परत आणलं. 22 मार्चला पाच विमानांतून सोळाशेहून जास्त मुलंमुली सॉल्ट लेक विमानतळावर उतरली आणि संसर्गाची सगळी बंधनं गुंडाळून कुटुंबं पार्किंगच्या इमारतीत शेकड्यांनी जमली. अधिकारी संतापले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, ते योग्यच होतं. शेजारीणही त्या गर्दीत होती. ती कधी त्याचं समर्थन करत नाही आणि माफीही मागत नाही. मुलीचे सात महिने बाकी होते. लवकर परत आली तरी तिला कोणी काही म्हणालं नाही, कारण सगळेच आले होते.

एकट्याने लवकर येणं निराळं. गल्लीच्या टोकाच्या घरातला मुलगा चार महिन्यांत परतला. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. चर्च अशा मुलांना सांभाळून घ्या असं सांगतं, आणि लोक सांभाळूनच घेत होते, इतकं की त्याच्याशी कोणी नेहमीसारखं बोलेना. केक येत होते. त्याची आई केक घेऊन दार लावायची. विमानतळावर झेंडे, फुगे आणि नावाचे फलक घेऊन सगळा गोतावळा जातो ते पूर्ण दोन वर्षं करणाऱ्यांसाठी. त्याला आणायला फक्त वडील गेले होते.

त्या आठवड्यात मी शेजारणीला विचारलं, तुझा मुलगा म्हणाला असता की मला परत यायचंय, तर?

"तिकीट काढलं असतं. त्याच रात्री," ती म्हणाली. "वॉर्डातल्या लोकांना काय सांगायचं ते मी बघितलं असतं."

"त्याला माहीत आहे हे?"

ती भांडी पुसत होती. सगळी पुसून झाल्यावर म्हणाली, "नाही. सांगितलं असतं तर तो पहिल्याच महिन्यात आला असता."