फाइल सर्वांची, किल्ली ज्याची त्याची

ठाणे स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की कोपरी. इथल्या एका सीएच्या छोट्या ऑफिसात फायलींचा सर्व्हर बसवायचा होता. एकाच अशिलाचा ताळेबंद तीन संगणकांवर तीन वेगळ्या रूपांत पडलेला, आणि पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा.

जुन्याच एका संगणकावर लिनक्स टाकलं, त्याला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता दिला आणि सांबा बसवलं. विंडोजचे संगणक एसएमबी पद्धतीने फायली देतात-घेतात. ती पद्धत इतर यंत्रणांनाही जमावी, यासाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. इथवरचं काम तासाभराचं.

खरा वेळ गेला कागदावर. सीए मॅडमनी विचारलं, "आर्टिकलच्या मुलांना पगाराचं फोल्डर दिसेल का?" मग आडव्या रांगेत फोल्डर, उभ्या रांगेत माणसं, असा तक्ता मांडला. कोण नुसतं वाचणार, कोण बदल करणार, कोणाला काहीच दिसणार नाही, हे सगळं त्यांच्याकडून ठरवून घेतलं.

त्या तक्त्यावरून लिनक्सवर गट केले आणि प्रत्येक फोल्डर आपापल्या गटाच्या नावे लावलं. फोल्डरला सेटजीआयडी ही खूण दिली की आत तयार होणारी नवी फाइलही त्याच गटाची होते. ती राहून गेली, तर एकीने केलेली फाइल दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. सांबाचा पासवर्डही प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो. लिनक्सचा पासवर्ड तिथे आपोआप चालत नाही. शेवटी प्रत्येकाच्या नावाने लॉगिन करून पाहिलं, आणि जे उघडायला नको ते उघडत नाही ना, हे आधी तपासलं.

जुनी एसएमबी १ पद्धत बंदच ठेवली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला होता. एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटकडे उघडायचा नाही, हेही बजावून सांगितलं.

फायली एका जागी आल्या, म्हणजे एका डिस्कच्या भरवशावर आल्या. म्हणून वेगळ्या डिस्कवर रोजची प्रत घ्या, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.