निर्मितीक्षम आराखडा : इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची पहिली पायरी

विजेचा मीटर, शेतपंपाचा नियंत्रक किंवा दूरचित्रवाणी संच उघडून पाहिल्यास आत बहुधा हिरव्या रंगाची एक पट्टी दिसते. सुटे भाग धरून ठेवणे आणि तांब्याच्या बारीक वाटांनी ते एकमेकांशी जोडणे, हे तिचे कार्य. कारखान्यात तिला ‘पीसीबी’ म्हणतात. तिचा आराखडा आज संगणकावर तयार होतो. परंतु विद्युतशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असलेला आराखडा कारखान्यातही निर्दोषपणे उतरेलच, असे नाही.

याचे कारण यंत्रांच्या मर्यादांत आहे. पट्टीवरील छिद्राभोवती तांब्याचे कडे असते. ते फार अरुंद ठेवल्यास, छिद्र पाडताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका फरक पडला तरी कडे तुटू शकते. दोन वाटांमध्ये पुरेसे अंतर नसल्यास रसायनाने कोरताना मधले तांबे पूर्णपणे निघत नाही. लहान भागाच्या एका टोकाखाली तांब्याचा विस्तार अधिक असेल, तर तेथील डाख उशिरा वितळतो. दुसऱ्या टोकाचा आधी वितळलेला डाख त्या भागाला ओढून उभा करतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध घातले. त्यानंतर रूढ झालेला शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. कथील-शिशाच्या डाखाला १८३ अंश पुरत. साहजिकच उष्णतेचे गणित अधिक काटेकोर झाले.

असे दोष आधीच हेरण्यासाठी संगणकीय तपासणी साधने उपलब्ध आहेत. कारखान्याकडे जाणाऱ्या ‘गर्बर’ फायली वाचून ती प्रत्येक वाट, छिद्र व अंतर त्या कारखान्याच्या क्षमतेशी ताडून पाहतात आणि दोषस्थळे दाखवितात. संगणकावर आढळलेली चूक थोड्या वेळात सुधारता येते. हजार पट्ट्या तयार झाल्यावर आढळलेली तीच चूक लघुउद्योजकाचे भांडवल बुडवू शकते.

मात्र साधनाला नियम पुरवावे लागतात. म्हणून आराखड्यास आरंभ करण्यापूर्वीच कारखान्याकडून त्याच्या मर्यादांची यादी मागवून घेणे आवश्यक ठरते. तपासणीनंतरही थोडे नमुने करून पाहणे हिताचेच.

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहास केंद्र शासनाने २०२२ साली मान्यता दिली. उत्पादनाचा हा विस्तार होत असताना आराखडा करणारा अभियंता आणि यंत्रावरील कारागीर यांच्यातील संवाद आरंभापासून घडला, तरच श्रम व पैसा यांचे चीज होईल.