इलेक्ट्रॉन कधी सुटतो?

कार्ल्सरूहमधली ठिणगी

1887 साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्झ विद्युतचुंबकीय तरंगांवर प्रयोग करत होते. ग्राहक यंत्रातली इवलीशी ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ती पेटीत झाकली, तर ती आणखीच लहान झाली. तरंग सोडणाऱ्या यंत्रातली मोठी ठिणगी आणि ही धाकटी यांच्या मध्ये काच धरली तरी तेच. क्वार्ट्झ धरल्यावर मात्र फरक पडेना. काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे मोठ्या ठिणगीतला अतिनील प्रकाशच धाकटीला बळ देत होता. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्स यांनी दाखवलं, की ऋणभारित जस्ताच्या पत्र्यावर हा प्रकाश पडला की पत्र्याचा भार उतरतो. तिथून इलेक्ट्रॉन निसटत होते. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला 1897 उजाडायचं होतं.

कोडं

प्रकाश म्हणजे नुसती लाट असेल, तर झोत प्रखर केल्यावर इलेक्ट्रॉन जास्त जोराने उडायला हवेत. फिलिप लेनार्ड यांच्या 1902 मधल्या मोजमापांत तसं झालं नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली, पण त्यांची कमाल ऊर्जा होती तेवढीच राहिली.

एका फोटॉनचा हिशोब

1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलं, की प्रकाशाची ऊर्जा सुट्या कणांत येते आणि एक कण, म्हणजे आजच्या भाषेत एक फोटॉन, आपली सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो. ही ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. हिशोब हाताने करण्याजोगा आहे: 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. लाल (700) सुमारे 1.8, जांभळा (400) 3.1, पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील (254) 4.9. जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 4.3 लागतात. त्यामुळे लाल झोत तासन्‌तास टाकला तरी जस्त ढिम्म राहतं आणि मंद अतिनील प्रकाशही काम करून जातो. उरलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन धावतो. सोडियमला 2.3 च्या आसपास पुरतात. त्याला निळा प्रकाश चालतो. मला या सिद्धांताचं सगळं सौंदर्य या एका वजाबाकीत दिसतं.

वर्णपटाची दोन टोकं

हेच सूत्र रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत लागू पडतं. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत हायड्रोजनचे 1420 मेगाहर्ट्झचे संकेत टिपता येतात. त्यातल्या एका फोटॉनची ऊर्जा लाल फोटॉनच्या ऊर्जेच्या सुमारे तीन लाखाव्या भागाइतकी भरते. उलट क्ष-किरणांचा फोटॉन हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो.

मिलिकन यांची सरळ रेषा

रॉबर्ट मिलिकन यांना प्रकाशकणांची कल्पना मुळीच पटत नव्हती. तरी निर्वातात सोडियमसारखे धातू खरवडून, ताज्या पृष्ठभागांवर त्यांनी चिकाटीने मोजमापं केली. वारंवारता आणि इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा यांचा आलेख सरळ रेषेत आला, तिच्या उतारावरून प्लँकचा स्थिरांक निघाला. 1916 मध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांचं समीकरण बरोबर असल्याचं छापलं. त्यामागची कल्पना मात्र तेव्हाही स्वीकारली नाही. आइन्स्टाइन यांच्या 1921 च्या नोबेल पारितोषिकात याच नियमाचा खास उल्लेख आहे. ‘फोटॉन’ हे नाव रूढ झालं ते त्यानंतर, 1926 मध्ये गिल्बर्ट लुईस यांनी ते वापरल्यापासून.