दीडशेच्या पुढे

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत, कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या ओजस देवतळेने पंधरा बाण मारले आणि पंधराच्या पंधरा दहात गेले. १५० पैकी १५०. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे १४९ झाले. सगळ्या सामन्यात त्याचा एकच बाण नवात गेला आणि तेवढ्यावर त्याचं सुवर्ण हुकलं. त्याच दिवशी काही वेळ आधी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारातच जगज्जेती झाली होती. दोघंही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेले.

त्या संध्याकाळी नागपुरात आम्हा पालकांच्या फोनवर एकच आकडा फिरत होता. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षापासून धनुष्य धरत होती. दुसऱ्या दिवशी मैदानावरून परत येताना मी तिला विचारलं, "आज किती झाले?" त्याआधीही रोज हेच विचारायचो, पण त्या दिवसापासून माझ्या आवाजात काहीतरी बदललं असणार. पुढचे दोन महिने तिचा स्कोअर उतरत गेला.

काय होत होतं ते समजायला धनुष्य समजून घ्यावं लागतं. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की ती फिरतात आणि हातावरचं वजन एकदम उतरतं, त्यामुळे नेम धरून बराच वेळ थांबता येतं. डोळ्यासमोर भिंग असतं. दोरी बोटांनी सोडायची नसते, हातातल्या रिलीजरने सुटते. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं, चहाच्या बशीपेक्षाही लहान. सामन्यात एका बाणाला वीस सेकंद. शरीराची दमछाक यात कमी, म्हणून मनाला भटकायला जागा जास्त. भिंगातला ठिपका मधल्या पिवळ्या वर्तुळात शिरला रे शिरला की मन ओरडतं, "आता!" आणि बोट झटका देतं. खरं तर पाठीचे स्नायू हळूहळू ताणत न्यायचे आणि रिलीजर आपसूक सुटू द्यायचा, इतका की सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटावं. माझी मुलगी बाराव्या बाणापर्यंत मनातल्या मनात बेरीज करायची आणि तेराव्याला झटका द्यायची.

तिच्या सरांनी बॉसवरचा, म्हणजे बाण ज्यात रुततो त्या गादीवरचा, वर्तुळांचा कागदच काढून टाकला. पाच मीटरवर उभं करून, डोळे मिटून बाण मारायला लावले. तीन आठवडे. ना वर्तुळ, ना पिवळा रंग, ना आकडा. समोर नुसता कोरा बॉस आणि त्यात बाण रुतल्याचा धप्प आवाज. मी अस्वस्थ होऊन विचारायला गेलो, तर त्यांनी तिलाच हाक मारली आणि माझ्यासमोर सांगितलं, "आकडा मले नको सांगू बेटा, बाण कसा सुटला थे सांग." बोलणं तिच्याशी होतं, पण ते माझ्यासाठी होतं.

तोवर ऑक्टोबर उजाडला होता. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं घेतली. ज्योती सुरेखा वेन्नमसोबत मिश्र सांघिक स्पर्धेत कोरियाविरुद्ध १५९-१५८, अभिषेक वर्मा आणि बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरसोबत सांघिक, आणि शेवटी त्याच अभिषेक वर्माला १४९-१४७ ने हरवून वैयक्तिक. हे सामने मी आता वेगळ्या नजरेने पाहिले. बाण सुटल्यानंतरचा त्याचा हात पाहत होतो. पडद्यावर आकडा नंतर यायचा.

पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये आकडा विसरून नेम मारणं काय असतं ते दाखवलं. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील पात्रता फेरीत ५९० गुण घेऊन सातवा आला होता. आठ जणांच्या अंतिम फेरीतही गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या नेमांनंतर तो पाचव्या-सहाव्या जागेवरच होता. आकडे बघत बसणाऱ्याने तिथेच हिशेब मिटवला असता. उभ्याने मारायचे नेम बाकी होते. ते त्याने एकेक करून मारले आणि ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं.

आणि ओजसचं पुढे काय झालं, हे मला त्या दीडशेइतकंच महत्त्वाचं वाटतं. कंपाउंडच्या वैयक्तिक सामन्यात दीडशेच्या वर आकडाच नाही. स्कोअर हेच ध्येय असतं तर एकविसाव्या वर्षीच त्याचं काम संपलं होतं. मे २०२५ मध्ये शांघायच्या विश्वचषकात सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने कंपाउंडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या तिघांत तो नव्हता. संघात जागा दर वेळी नव्याने मिळवावी लागते आणि जुने दीडशे तिथे चालत नाहीत.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. म्हणजे मैदानाच्या कडेला उभे राहून "किती झाले?" विचारणारे आईबाप आणखी वाढतील. मी त्यांना थांबवायला जातो. कधी ऐकतात, कधी नाही.

परवा मुलीच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वहीत तारखा आणि बेरजा, काही बेरजांखाली लाल रेघ. दुसरीत बेरीज कुठेच नाही. बाण नीट सुटला तर बरोबरची खूण, झटका बसला तर फुली, आणि बाण कुठे लागला ते बाजूला बारीक अक्षरात. मे महिन्यातलं एक पान आहे, गरम वाऱ्याच्या सकाळचं. त्यात एका दहावर फुली आहे आणि एका आठवर बरोबरची खूण. शेजारी सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'आठ हवेचा आहे. तुझा बाण बरोबर.'