खोताची वाडी आणि तिचा धर्मग्राम

इंग्लंडमधील खेड्याचा विचार त्याच्या चर्चला वगळून करता येत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी तेथील प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे पॅरिशने, ठेवाव्यात असा आदेश 1538 मध्ये निघाला आणि धर्मग्राम हेच गावाचे दप्तर झाले. वस्ती आणि धर्मग्राम यांची अशीच सांगड ऐन मुंबईत, गिरगावातील खोताच्या वाडीत आढळते.

मुंबईच्या जुन्या वस्त्यांचे गावठाण, कोळीवाडा, पाखाडी आणि वाडी असे प्रकार होते. कोळीवाडा मच्छीमारांचा, वाडी मात्र बहुधा एका मालकाच्या बागायतीतून वाढलेली. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी या गिरगावातील नावांत त्या बागा अजून टिकून आहेत. खोताची वाडी हे नाव झाडावरून नव्हे, मालकावरून पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. हिंदू जमीनदाराच्या नावाने ख्रिस्ती वस्ती ओळखली जावी, हे गिरगावच्या समाजरचनेचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

ईस्ट इंडियन हे उत्तर कोकणातील मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमलात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण घरची बोली मराठीच राहिली. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी हे नाव अधिकृतपणे घेतले. लग्नघरातील गाणी आणि वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरलेला मसाला या त्यांच्या खुणा आजही ओळखू येतात.

येथील घरे बैठी किंवा दुमजली, लाकडी बांधणीची, उतरत्या कौलारू छपरांची. वरच्या मजल्याचा जिना बहुधा बाहेरून चढतो. त्यामुळे एकाच घरात दोन कुटुंबे स्वतंत्रपणे नांदू शकतात. पुढचा व्हरांडा थेट गल्लीकडे उघडा असल्याने शेजाऱ्याशी बोलणे घरबसल्या होते. ही रचना केवळ शोभेची नाही, सहजीवनाची आहे.

वाडीजवळचे सेंट तेरेसा चर्च 1773 चे. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे कॅथलिक धर्मग्रामांना सोळाव्या शतकातील ट्रेंट धर्मपरिषदेपासून बंधनकारक आहे. त्यामुळे घर विकून उपनगरांत किंवा परदेशी गेलेल्या कुटुंबाचाही धागा चर्चच्या नोंदवहीत सापडू शकतो.

एकेकाळी वाडीत सुमारे 65 जुनी घरे होती. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. जमिनीचा भाव आणि लाकडी घराच्या डागडुजीचा खर्च यांपुढे एकट्यादुकट्या मालकाचा निभाव लागणे कठीण आहे. म्हणून दर्शनी भाग जतन करून भागणार नाही. डागडुजीचा भार उचलणारी सार्वजनिक मदत हवी. वाडी पाहण्यास जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथील प्रत्येक व्हरांडा कोणाच्या तरी राहत्या घराचा आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी.